सात पस्तीसची सुई

वेहबी एफेंदींनी आयुष्यात एकच वस्तू मुद्दाम पाण्यात टाकली. घड्याळ.

एकतीस वर्षं ते बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत ये-जा करणाऱ्या बोटींवर दोर टाकायचं काम करत होते. बोट धक्क्याजवळ आली की कठड्याशी उभं राहायचं, दोराचा फास बरोब्बर खुंट्यावर फेकायचा, फळी लावायची, माणसं चढली-उतरली की फळी आत, दोर आत, आणि पुढचा धक्का. सात पस्तीसला कान्लिजाचा धक्का, सात त्रेचाळीसला समोरचा तीर. जेवायला बारा मिनिटं. स्वतःच्या लग्नात निकाह लावणाऱ्यानं जरा लांबण लावली तेव्हा नवरदेव दाराकडे बघत पुटपुटले होते, "दहा वीसची सुटेल." मेलाहत, त्यांची बायको, हे शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं त्यांना निरोपाची भेट दिली ती नेमकी मनगटी घड्याळाची. वेहबी एफेंदींनी आभार मानले, डबी खिशात घातली, आणि शेवटच्या फेरीत बोट कान्लिजाकडे वळताना ते मागच्या कठड्याशी जाऊन घड्याळ अलगद खाली सोडून आले. घरी येऊन मोठ्या अभिमानानं सांगितलं तर मेलाहतनं कपाळाला हात लावला.

"अहो, नको होतं तर मला द्यायचंत! माझं केव्हाचं बंद पडलंय."

"तुला कशाला घड्याळ? आता मी घरीच आहे. किती वाजले ते मला विचार."

"तुम्हाला काय विचारू? तुम्ही तर ते बुडवून आलात!"

बोटीच्या इंजिनाच्या खोलीत जन्मलेलं मांजराचं एक राखाडी पिल्लू त्याच फेरीत त्यांच्या मागोमाग फळीवरून खाली उतरलं आणि थेट कान्लिजाच्या चढावावरच्या घरापर्यंत आलं. अंगाला तेलाचा वास, रंग धुराड्यातून निघावा तसा. मेलाहतनं नाव ठेवलं दुमान, म्हणजे धूर. "तुमची बोट शेवटी घरात आलीच," ती म्हणाली.

तेव्हापासून घराला घड्याळ नव्हतं. पहाटेच्या अजानला उठायचं, दुपारच्या अजानला जेवायचं, संध्याकाळच्या अजानला दिवा लावून सूप गरम करायचं. वेहबी एफेंदी फार धार्मिक होते असं नाही. पण मशीद घराच्या खालच्याच वळणावर होती, आवाज खिडकीतून आत यायचा, आणि त्या आवाजात मिनिटं नव्हती. एकतीस वर्षं मिनिटांनी छळलेल्या माणसाला एवढं पुरत होतं. बोटींचे भोंगे ऐकू यायचे, पण ते मोजायचे नाहीत असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

अशी सात वर्षं गेली, आणि मग मेलाहत गेली. तिची जांभळी लोकरीची शाल पलंगाच्या पायथ्याशी राहिली. दुमान तिच्यावर झोपायचा. वेहबी एफेंदींनी ती कधी धुतली नाही. संध्याकाळी दार वाजलं की दुमान अजूनही मान वर करायचा, जिन्याकडे बघायचा, आणि पुन्हा शालीत नाक खुपसायचा. त्या घरात मेलाहतची वाट बघणारे दोघे होते. दोघांतला एक कमी झाला तर काय, हा विचार वेहबी एफेंदी मनात येऊ देत नसत.

तो फेब्रुवारीच्या शेवटी आलाच.

दुमान अकरा वर्षांचा झाला होता. पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा रिकामं करायला लागला, आणि मागच्या पायांनी टाचा टेकवून चालायला लागला, म्हाताऱ्यानं घसरड्या डेकवरून चालावं तसा. प्राण्यांची डॉक्टर पेलिन तरुण होती, बाजाराच्या रस्त्यावर तिचा दवाखाना. तिनं कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात पट्टी घातली आणि यंत्र त्यांच्यापुढे धरलं. चारशे तीस.

"साखर आहे, काका. माणसांना होते तशीच. घाबरू नका. सकाळी आणि संध्याकाळी इन्सुलिनची सुई, बारा तासांनी. आधी खायला द्यायचं, मग सुई. असंच एक यंत्र घरी ठेवा, आकडे वहीत लिहायचे."

वेहबी एफेंदींनी त्यातलं 'सकाळी आणि संध्याकाळी' ऐकलं. त्यांच्या सकाळी आणि संध्याकाळी मशिदीतून व्हायच्या, आणि त्या दिवसांत दोन अजानांमध्ये जवळजवळ बारा तासच असायचे. म्हणून त्यांनाही काही खटकलं नाही आणि पेलिनलाही नाही.

पहिले काही दिवस सुई त्यांच्या बोटांतून निसटायची. जाड दोर धरून धरून तळवे चामड्यासारखे झालेले, त्यात ती केसाएवढी सुई. ते दुमानला शालीवर घेत, मानेमागची कातडी चिमटीत उचलत आणि म्हणत, "बघू नकोस. मीही बघत नाही." पण मार्चमध्ये आकडे खाली आले. दोनशे, एकशे ऐंशी. दुमान पुन्हा ताठ चालायला लागला. एप्रिलमध्ये तर तो धक्क्यापर्यंत उतरून गेला आणि कोळ्यांच्या बादल्या हुंगून आला. वेहबी एफेंदींनी गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं.

मे महिन्यात सगळं बिघडलं.

वहीत आकडे असे दिसायला लागले, की जणू दोन वेगळ्या मांजरांचे आहेत. संध्याकाळी चारशे दहा. सकाळी ऐंशी. पुन्हा संध्याकाळी तीनशे नव्वद. मग एका सकाळी अचानक तीनशेवर, आणि त्याच दिवशी दुपारी दुमान भिंतीला टेकून डुलत उभा. पेलिननं वही चाळली. वहीत दोनच रकाने होते, सकाळ आणि संध्याकाळ.

"सुई नेमानं देता ना, काका?"

"नेमानं? मला विचारतेस, पोरी? एकतीस वर्षांत माझी एक बोट चुकली नाही."

"मग कोणीतरी चोरून खायला घालतंय. कान्लिजातलं मांजर आहे, मला नका सांगू. इथं दारादारात वाट्या ठेवलेल्या असतात." तिनं पेन उचललं. "संध्याकाळचे आकडे फारच वर आहेत. अर्धं युनिट वाढवून बघू."

वेहबी एफेंदी घरी जाता जाता एकेक दार आठवत गेले. खाटीक कलेजीचे तुकडे टाकायचा, पण त्याला त्यांनी केव्हाच बजावलं होतं. कोळी समुद्राची शपथ घेत होता. मग राहिलं कोण? धक्क्यावरची शुकुफे खानम.

शुकुफे खानमचं दह्याचं दुकान तिच्या वडिलांपासूनचं. कान्लिजाचं दही घट्ट, वर पिठीसाखर भुरभुरून द्यायची रीत. बोट चार मिनिटं थांबते तेवढ्यात लोक वाटी घेऊन पळत परत चढतात. याच दुकानातल्या वाटीवर वेहबी एफेंदींचं लग्न जमलं होतं. मेलाहत तेव्हा रोज सात पस्तीसच्या बोटीनं समोरच्या तीरावर कापडाच्या दुकानात कामाला जायची. एका जानेवारीत भिजलेला दोर फेकताना त्यांनी तिच्या नव्या कोटावर घाणेरड्या पाण्याचा सपकारा मारला. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. संध्याकाळी ती परत येताना त्यांनी माफीचं दही घेऊन ठेवलं होतं. ते पुढे करायला आणि वारा यायला एकच गाठ पडली. सगळी पिठीसाखर त्यांच्या काळ्या गणवेशावर. तेव्हा कुठे मेलाहत हसली. "आता फिटलं," म्हणाली.

त्या दुकानापुढे वेहबी एफेंदी दुमानला काखेत घेऊन उभे राहिले. दुमानच्या मिशांना काहीतरी पांढरं लागलं होतं.

"हे काय आहे, शुकुफे खानम?"

"मांजर आहे. दिसत नाही का?"

"मिशीवरचं विचारतोय. तुझी पिठीसाखर माझ्या मांजराला मारतेय!"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघांचे चमचे थांबले. शुकुफे खानमनं हातातला मोठा डाव खाली ठेवला.

"वेहबी एफेंदी, फेब्रुवारीत तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून मी त्याला बोटभरही दही चाटवलं नाही. दारात येऊन ओरडतो, मी पाठ फिरवते. मला काय बरं वाटतं? आणि ते पांढरं मशिदीच्या भिंतीचा चुना आहे, काल लावलाय. जीभ लावून बघा, तुम्हालाही कळेल!"

"बापाचं नाव तरी राख."

"माझ्या बापाचं नाव काढता? तुमचं लग्न झालं ते त्याच्या उधार वाटीवर! चला, निघा. दही नासेल तुमच्या तोंडाकडे बघून."

एवढं झाल्यावर वेहबी एफेंदींनी दुमानला घरात कोंडलं. खिडक्यांना जाळी ठोकली. घरातली सगळी साखर, मध, मेलाहतच्या हातचा अंजिराचा शेवटचा मुरंबासुद्धा, शेजाऱ्यांना देऊन टाकला. स्वतः चहा बिनसाखरेचा पिऊ लागले. तोंड वाकडं करत दुमानला सांगायचे, "बघ, तूच एकटा नाहीस."

आकडे तरीही तसेच उड्या मारत राहिले. आता चोराचा संशय घ्यायलाही कोणी उरलं नव्हतं. वेहबी एफेंदी दिवसभर शालीशेजारी खुर्ची टाकून दुमानच्या पोटाचं वरखाली होणं बघत बसत. तापलेल्या लेकराजवळ बसलेल्या आईला माहीत असतं, की आपण डोळा मिटला की श्वास अडखळणार. तसंच त्यांना वाटे.

जूनमधल्या एका पहाटे अजान झाली. त्यांनी उठून आकडा बघितला, दोनशे साठ. दुमाननं थोडंसं खाल्लं. त्यांनी वाढवून दिलेली सुई दिली आणि खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन जाळीतून आत आलं होतं. दुमान शालीवर नव्हता. तो पलंगाखाली आडवा पडला होता, डोळे उघडे, पाय हवेत पळत असल्यासारखे झटके देत. कानाला टोचलं तर यंत्रावर अडतीस.

पेलिननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साखर फार खाली जाऊन असं झालं तर हिरड्यांना मध चोळा, साखरेचं पाणी लावा, काहीही गोड. वेहबी एफेंदींनी कपाटं उघडली. पहिलं, दुसरं, तिसरं. घरात साखरेचा कण नव्हता. त्यांनीच ठेवला नव्हता.

त्यांनी दुमानला शालीसकट उचललं आणि उतार उतरायला सुरुवात केली. पायात घरच्या चपला, एक वाटेतच राहिली. इतक्या सकाळी एकच दार उघडं असणार होतं, आणि त्या दारात त्यांनी तीन आठवडे पाऊल टाकलं नव्हतं.

शुकुफे खानम दुधाची पातेली उतरवत होती. तिनं पातेलं तिथंच सोडलं. पिठीसाखरेच्या डब्यात दोन बोटं बुडवली, कोमट पाण्यात कालवली आणि दुमानच्या ओठाची कड उचलून हिरडीला चोळली. पुन्हा. पुन्हा. "गिळ रे, राजा. गिळ. तुझ्या बाबाला नंतर बघते मी."

धक्क्यावर पहिली बोट लागली आणि निघून गेली तेव्हा दुमानचे पाय शांत झाले होते. आणखी थोड्या वेळानं त्यानं मान उचलली आणि तिची बोटं चाटली. वेहबी एफेंदी दह्याच्या रिकाम्या खोक्यावर बसले आणि एकाच चपलेकडे बघत रडले. शुकुफे खानमनं पाठ फिरवून पातेली पुसायला घेतली. बरीच पुसली.

मग म्हणाली, "सुई कधी दिलीत?"

"अजानला. नेहमीसारखी."

"पहाटेच्या? अहो, आज पहाटेची अजान साडेतीनला झाली! मी दूध तापवत होते."

"मग?"

"आणि त्याच्या आधीची सुई?"

"संध्याकाळच्या अजानला. सांगतोय ना, नेमानं."

शुकुफे खानमनं हातातलं फडकं टाकलं. मग तिनं मागच्या फळीवरची एक वाटी उचलून त्यांच्यापुढे धरली आणि हलवली. दही थुलथुल हललं, कडेला पाणी.

"हे बघा. माझ्या नव्या बाईचं काम. तिला सांगितलं, संध्याकाळी विरजण लाव. हिनं काल अजान झाल्यावर लावलं आणि पहाटेच्या अजानला उघडलं. लागलंच नाही! हिवाळ्यात असं लावलं तर सकाळपर्यंत पार आंबून जातं. माझा बाप सांगायचा, शुकुफे, अजान सूर्याची असते, दही तासांचं असतं. जूनची रात्र केवढी, एवढीशी! तुम्ही संध्याकाळी पावणेनऊला सुई देता आणि साडेतीनला दुसरी. सात तास नाही झाले. आणि मग दिवसभर सतरा तास त्याला सुईविना ठेवता. मांजर काय, घोडा आडवा होईल!"

वेहबी एफेंदी बोटांवर मोजत होते. हिशोब त्यांना कळायला वेळ लागायचं कारण नव्हतं. सबंध बॉस्फरसचं वेळापत्रक ज्याला पाठ, त्याला वजाबाकी कोण शिकवणार? फेब्रुवारीतल्या संध्याकाळी त्यांनी आठवल्या. मार्चच्या, एप्रिलच्या. दर आठवड्याला अजान थोडी थोडी सरकत गेली होती आणि तिच्यामागे त्यांची सुई.

"मी," ते शेवटी म्हणाले. "मीच करत होतो."

"हो."

"आणि तुला..."

"तेही हो," शुकुफे खानम म्हणाली. "पण ते दुमान बरा झाल्यावर. मला नीट, सावकाश, चार गिऱ्हाइकांसमोर माफी हवी."

पेलिनला दुकानातूनच फोन केला. ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की पलीकडून शब्द न् शब्द ऐकू आला. "अजानला? काका, मी बारा तास म्हटलं होतं! बारा! माझीच चूक, मी वहीत वेळ विचारलीच नाही. वाढवलेलं अर्धं युनिट बंद. आजची सुई बंद. लगेच त्याला घेऊन या, आणि येताना एक घड्याळ विकत घ्या!"

शुकुफे खानमनं भिंतीवरचं घड्याळ काढायला स्टूल ओढलं. वेहबी एफेंदींनी हात वर केला.

"घड्याळ माझ्या घरात येणार नाही."

"अरे देवा! मांजर मरता मरता वाचलं आणि तुमचा हट्ट..."

"हट्ट नाही." त्यांनी धक्क्याकडे बघितलं. "सकाळी सात पस्तीसची आहे. संध्याकाळीही सात पस्तीसची आहे, परतीची. अजून बदललेली नाही ना?"

"नाही," ती म्हणाली, आणि स्टूल जागेवर सरकवलं.

चार दिवसांनी माफी झाली. गिऱ्हाइकं चार नव्हती, नऊ होती; ती शुकुफे खानमनंच जमवली होती. वेहबी एफेंदी टोपी हातात घेऊन उभे राहिले, मोठ्या आवाजात बोलले, आणि मग सगळ्यांदेखत पिठीसाखरेचं दही अख्खी वाटीभर खाल्लं. मिशी पांढरी झाली. "चुना लागलाय," शुकुफे खानम म्हणाली.

तेव्हापासून ते दुमानला टोपलीत घालून दिवसातून दोनदा धक्क्यावर यायला लागले. बोटीचा भोंगा झाला की दुकानाच्या पायरीवर दुमानच्या खाण्याची वाटी, वाटी रिकामी झाली की सुई. कानाची टोचणी घरूनच करून येत. आकडे एका दिवसात सुधारले नाहीत. जुलैत एकदा आकडा साडेतीनशेवर गेला, का ते पेलिनलाही सांगता आलं नाही. मांजराची साखर अशीच असते, म्हणाली. पण ऑगस्टपासून वही शांत होत गेली. एकशे नव्वद. दीडशे. एकशे साठ. उतारू ओळखीचे झाले. "काका, आज किती?" कठड्यावरून कोणीतरी विचारायचं, आणि वेहबी एफेंदी आकडा ओरडून सांगायचे. दोर फेकणारा नवा माणूस फास चुकला की त्यांच्याकडे चोरून बघायचा. ते दुसरीकडे बघायचे. मुद्दाम.

सात पस्तीसची धक्क्याला लागायची तेव्हा कधी कधी त्यांना कोट घातलेली एक बाई फळीवरून येताना दिसल्यासारखी वाटायची. इतकी वर्षं त्यांनी हे भोंगे मोजले नव्हते, तेव्हा तीही दिसली नव्हती. घड्याळ बुडवलं तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काय काय खाली गेलं होतं, ते त्यांना आता वर येताना कळत होतं.

डिसेंबरात संध्याकाळची अजान साडेपाचलाच व्हायची. काळोख पडायचा, गारठा वाढायचा, आणि वेहबी एफेंदी शुकुफे खानमच्या शेगडीजवळ दोन तास बसून राहायचे. ती त्यांना घरी जाऊन या म्हणायची नाही. तेही जायचे नाहीत.

मग एक दिवस धुकं उतरलं. सकाळचं जरा बरं होतं, पण संध्याकाळी समोरचा तीर सोडाच, धक्क्याचा खुंटासुद्धा दिसेना. बोटी बंद झाल्या. भोंगा नाही, दिवा नाही. वेहबी एफेंदी खिशात सुई घेऊन पायरीवर बसले होते. दुकानातलं घड्याळ त्यांच्या पाठीमागे होतं. मान वळवली असती तर दिसलं असतं. त्यांनी वळवली नाही.

टोपलीत हालचाल झाली. दुमान उठला, शालीतून बाहेर आला, पुढचे पाय ताणले, आणि धुक्यात, जिथं बोट लागते तिथंवर चालत गेला. ताठ पायांनी. तिथं बसला आणि पाण्याकडे बघायला लागला.

वेहबी एफेंदी खाकरले.

"शुकुफे खानम."

"काय?"

"किती वाजले?"

आत डाव पडल्याचा आवाज झाला. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा. अकरा वर्षं ऐकायचं होतं मला. मेलाहतलाही ऐकायचं होतं."

"किती वाजले गं, बाई?"

"सात तेहेतीस," शुकुफे खानम म्हणाली. "वाटी भरायला घ्या. दोन मिनिटं आहेत."